केरबाची बासुंदी बुडाला लागली नव्हती

रहस्याच्या व्हिडिओ गेममधला गुन्हेगार निर्दोष आहे असं एकाही खेळणाऱ्याने अभिप्रायात लिहिलं, तर तीस दिवसांच्या आत सुनावणी घ्यावी लागते, आणि सुनावणीला तो गुन्हेगार गेममधून बाहेर येऊन जातीने हजर राहतो. माझ्या बायकोच्या अभिप्रायावरची सुनावणी मिरजेत झाली.

पद्मजा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाली. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पुरावे फायलीला लावले, एकदा तरी स्वतः तपासावेत अशी तिची फार इच्छा होती. म्हणून मुलीने टॅबवर ‘सबनीस बंगला’ टाकून दिला. त्यात सबनीस नावाचे गृहस्थ दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान वरच्या मजल्यावर मरून पडतात. डोक्यात खलबत्त्याचा बत्ता घातलेला. आपण खोल्या बघायच्या, माणसांना प्रश्न विचारायचे आणि शेवटी एकाचं नाव घ्यायचं. बरोबर उत्तर केरबा आचारी. त्याचं नाव घेतलं की तो “होय, मीच मारलं” म्हणतो आणि बेड्यांसाठी हात पुढे करतो.

पद्मजाने नऊ दिवस घेतले, केरबाचं नाव घेतलं, आणि त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

“अहो, हा माणूस तो नाहीच,” ती म्हणाली.

बाकीच्यांना तसं वाटत नव्हतं. चार हजारांवर अभिप्राय होते. ‘चेहरा बघूनच ओळखला.’ ‘आचाऱ्यावर संशय येतोच, पण मजा आली.’ ‘बंगला छान, जिने फार.’ सगळ्यात वर इस्लामपूरच्या दातांच्या डॉक्टर तन्वी खर्शीकर यांचा अभिप्राय होता. त्यांनी एकेचाळीस मिनिटांत केरबाला पकडलं होतं आणि तो विक्रम होता.

पद्मजाने तीन तारे दिले आणि लिहिलं: ‘गेम चांगला आहे. संवाद स्वच्छ ऐकू येतात. मात्र चार वाजता चुलीवर दहा लिटर दुधाची बासुंदी होती. गेमप्रमाणे केरबा तो अख्खा अर्धा तास वर होता. तसं असतं तर ती बुडाला लागली असती. पाच वाजता मी कढईत पाहिलं. लागलेली नव्हती.’

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. सुनावणी अधिकारी मगदूम वेळेवर आले. बाकीच्या खेळणाऱ्यांच्या वतीने डॉक्टर खर्शीकर फाईल घेऊन आल्या. केरबा आमच्या आधीच येऊन बाकाच्या कडेला बसला होता. पंचावन्नचा असेल. गेममधलाच सदरा, खांद्यावर पंचा. मनगटांना बेड्यांचे घट्टे पडले होते. चार हजार वेळा म्हटल्यावर पडणारच.

“गेम पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाने यांचंच नाव घेतलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “शिवाय यांनी कबुली दिलीय.”

“कबुली का दिलीत?” मगदूमांनी विचारलं.

केरबा उभा राहिला. “साहेब, शेवटाला मला तेवढंच वाक्य दिलंय. दुसरं न्हाईच.”

“आज दुसरं बोलायची मुभा आहे.”

केरबाने खांद्यावरचा पंचा नीट केला. एवढी मुभा त्याला पहिल्यांदाच मिळाली असावी. मग तो म्हणाला, “मी ढवळत हुतो.”

मगदूमांनी ते लिहून घेतलं आणि प्रात्यक्षिकाचा आदेश दिला.

दहा लिटर दूध मीच आणलं. वाचनालयामागच्या पटांगणात शेगडी मांडली. दूध निम्मं आटेपर्यंत केरबाने कालथा फिरवला, आणि मगदूमांनी घड्याळ लावून त्याला बाजूला बसवलं. आता अर्धा तास कुणीही हात लावायचा नव्हता. चौदाव्या मिनिटाला वास सुटला. केरबाला ते बघवेना. तो उठून कढईकडे निघाला.

“आरोपीने पुराव्याला हात लावू नये,” मगदूम म्हणाले.

“साहेब, वाया जातंय.”

“बसा.”

तो बसला, पण त्याने तोंड फिरवलं आणि पंचाने डोळे पुसले. पद्मजा त्याच्या शेजारी जाऊन बसली. डॉक्टर खर्शीकर कढईशेजारीच उभ्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतः कालथ्याने बूड खरवडलं. काळी खरपुडी निघाली.

“दुसऱ्या कुणी ढवळली असेल,” त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता.

“तो दुसरा गेममध्ये कुठे दिसतो?” पद्मजाने विचारलं. “पुराव्यात नाही, ते निकालात येत नाही.”

डॉक्टरांनी फाईल चाळली, मग मिटली. “मला वेळ गाठायची होती, काकू. स्वयंपाकघरात मी गेलेच नाही.” त्या केरबाकडे वळल्या. “माफ करा.”

“असू द्या, ताई,” केरबा म्हणाला. “जिनं लई हाइत, मान्य हाय.”

केरबा निर्दोष सुटला. डॉक्टरांचा विक्रम रद्द झाला. “मग खून कुणी केला?” असं मगदूमांनी विचारलं, तेव्हा पद्मजा म्हणाली, “मला माहीत नाही. मी शिरस्तेदार होते, पोलीस नव्हे.” संध्याकाळच्या आत केरबाला परत जायचं होतं. स्वयंपाकघर उघडंच ठेवून आला होता.

गुन्हेगाराची जागा मात्र पंधरा दिवसांहून जास्त रिकामी ठेवता येत नाही. अर्धवेळ कामाची जाहिरात निघाली. सतरा अर्ज आले. अनुभवाच्या रकान्यात डॉक्टर खर्शीकरांनी ‘संपूर्ण घटनाक्रम पाठ’ असं लिहिलं होतं. त्यांचीच निवड झाली.

नवी आवृत्ती आल्यावर पद्मजाने गेम पुन्हा खेळायला घेतला. या वेळी सहा दिवस लागले. डॉक्टर चार वाजून पाच मिनिटांनी बाजूच्या व्हरांड्यातून आत येतात. तिथे फरशीवर चिखलाचा ठसा आहे, तो त्यांच्याच चपलेचा. सबनीसांनी तीनदा दातांची वेळ घेतली आणि तिन्ही वेळा ते आले नाहीत, हे कारणही पटण्यासारखं आहे. नाव घेतल्यावर डॉक्टरांनी सगळं क्रमवार कबूल केलं, एकही दुवा न सोडता.

“चोख काम आहे,” पद्मजा म्हणाली. तिने पाच तारे दिले, त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, आणि इस्लामपूरला फोन करून दाढ दाखवायला मंगळवारची वेळ घेतली. शनिवार-रविवार डॉक्टर अटकेत असतात.