शिंपल्यांचा ढीग आणि गुरबसप्पा

दुसऱ्यानं फेकलेलं दिसलं, की स्वतःचं हरवलेलं सापडल्यासारखा आनंद होणारा माणूस तेरमध्ये एकच होता. आमचे शेजारी, किराणा दुकानदार गुरबसप्पा.

तेरणेच्या काठी भोई लोक शिंपल्या उकडून आतलं मांस खायचे आणि रिकाम्या शिंपल्या तिथंच टाकायचे. कमरेएवढा ढीग झाला होता. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, मांसाच्या वासानं पदर, आपलं, उपरणं नाकाला लावणारे अप्पा रोज सकाळी त्या ढिगाशी जाऊन बसत. भावकीनं नावं ठेवून पाहिली. "टाकू नगा, व्हईल कायतरी," एवढंच त्यांचं उत्तर.

आणि कायतरी व्हायचंच. त्यांनी शिंपली घासून केलेल्या चमच्यानं आमटी चाखली की आधी ओठाचं रक्त चाखायला मिळे. कैरी सोलायची शिंपली तेवढी झकास. पण कैऱ्या दोन महिने येतात, अप्पा बारा महिने घासत.

मी सरकारी शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात मास्तराला शेरवानी लागायची. तिला अप्पांनी हौसेनं शिंपल्यांच्या सात गुंड्या करून दिल्या, सातही वेगळ्या मापाच्या. तपासणीला साहेब आले, मी लवून आदाब केला आणि तीन गुंड्या त्यांच्या बुटांपाशी पडल्या. साहेबांनी त्या बुटानंच माझ्याकडं सरकवल्या. हे सांगितलं तर अप्पा म्हणतात, "तीनच पडल्या न्हवं? चार टिकल्या की."

राग डोक्यात होताच. शाळेला चुना हवा होता. मी पाटलांना सुचवलं, तो ढीग भट्टीत घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाला गाडी घेऊन नदीवर गेला, तर अप्पा ढिगावर चढून बसलेले. समजूत घालायला मलाच बोलावणं आलं.

"उतरा अप्पा. तुमच्याच म्हणण्यापरमाणं कायतरी व्हईल. चुना व्हईल."

त्यांनी मूठ उघडली. आत एकच शिंपली, आतून कुंकवानं लाल झालेली.

"घरच्यांची डबी हाय, मास्तर. एका शिंपलीला तिची जोडीचीच बसती, दुसरी कुठली बसत न्हाय. हिची जोडीची हुडकतोय."

अप्पांची बायको जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

"हरवली कुठं?"

"हरवली न्हाय. तिला माती दिली तवा म्याच तिच्या हातात ठिवली."

"मग ती हितं कशी सापडंल?"

"न्हाय सापडायची. ठावं हाय मला." त्यांनी हातातल्या शिंपलीवर आणखी एक लावून बघितली, बाजूला ठेवली. "पण सकाळी उठून कुठंतरी जावं लागतं न्हवं?"

मला माझीच लाज वाटली. मी गाडी परत पाठवली.

त्या वर्षी शाळेला पांढरी माती फासली. पोरांचे सदरे त्या मातीनं माखायचे आणि त्यांच्या आया माझा उद्धार करायच्या. तो मी मुकाट ऐकला. अप्पांनी तीन नव्या गुंड्या करून दिल्या. त्याही पडल्या. मी उचलून पुन्हा लावून घेतल्या.