बेटावरचे कार्ड सत्तावीस नंबरातून सोडविले त्याची हकीकत

लिहिणार लिहितो की, वाचणारांनी चित्त ठिकाणी ठेवोन वाचावे आणि मध्येच हसो नये, कारण की प्रसंग थोर होता. जिने दोन, लिफ्ट एक, पत्रपेट्या छत्तीस ऐसी एक इमारत. तीत एकवीस नंबरचे ठाणी राजमान्य चष्मेवाले अंमल करीत होते. हुद्दा चष्म्याचे दुकानाचा. आले गिऱ्हाइकास खुर्चीवर बसवावे, समोरील तक्त्यावरची अक्षरे वाचवावी, आणि न वाचे त्याचे नाकावर भिंग चढवावे, हा शिरस्ता. परंतु जीव दुकानी रमेना. जीव गुंतला तो परमुलखीचे अनोळखी माणसांनी धाडिलेल्या कार्डांत. आपण एका अनोळखीस कार्ड पाठवावे आणि मग भलत्याच अनोळखीने आपणांस पाठवावे, ऐसा तो कारभार. त्यायोगे अडुसष्ट मुलूख कपाटाचे दोन खणांत दाखल जाहले आणि तेथील चादरी परागंदा होवोन पलंगाखाली गेल्या. सौभाग्यवतींचा हुकूम सुटला की, तिसरा खण मागाल तर चादरींमागोमाग आपलीही रवानगी तेथेच.

पुढे ऐसे जाहले की, उत्तर समुद्रात एक बेट. माणसे एकशेचार, मेंढ्या बेसुमार, पोस्ट एक. त्या पोस्टाची कारभारीण चष्मेवाल्यांशी दोन वर्षे पाकिटांतून पत्रव्यवहार राखोन होती, कार्ड मात्र तेथील अद्याप एकही आले नव्हते. तिने लिहिले की, वरून पोस्ट बंद करण्याचे फर्मान आले, महिनाअखेर कुलूप पडेल, सबब लाल चोचीच्या पक्ष्याचे तिकीट लावोन आणि दस्तुरखुद्द शिक्का मारोन शेवटले कार्ड तुम्हांस रवाना करिते. म्हणजे तो शिक्का पुन्हा भूमंडळी उमटणे नाही. हे वाचोन चष्मेवाल्यांस अन्न गोड लागेना. रोज दुकानातून येवोन पत्रपेटीत कोपरापर्यंत हात घालावा आणि विजेचे बिल घेवोन वर यावे. ऐसे तीन आठवडे लोटले, बेटावर कुलूप पडले, आणि कार्डाचा ठाव नाही. मग पोस्टमनास जिन्यात घेरोन जबानी घेतली. जुना पोस्टमन पत्रे नावानेच ओळखी; हा नुकताच नेमिलेला.

"पक्ष्याचं तिकीट ना साहेब? मी स्वतः टाकलंय."

"कुठे?"

"पत्त्यावर होतं तिथे. सत्तावीसला."

हे ऐकताच चष्मेवाल्यांनी कठडा धरिला. सत्तावीसात निवृत्त भूमितीच्या बाई नांदत होत्या. त्यांचा दरारा ऐसा की, त्या आत असता लिफ्टदेखील मजल्याशी सरळ रेषेत थांबे. त्यांजवर चालोन जाणे खाशांस झेपेना, म्हणोन सौभाग्यवतींस वकील नेमोन पुढे पाठविले. वकील पाऊण तासाने परतले, तो चहा पिवोन आणि हसत. शत्रूस सामील जाहले हे चेहऱ्यावरोनच कळले.

"बाई म्हणतात, स्वतः या," सौभाग्यवती वदल्या. "आणि येताना पेन आणा."

मग नाइलाज जाणोन, इस्त्रीचा सदरा चढवोन, खासा स्वारी जिन्याने निघाली. बाईंनी दार उघडोन आसन दिधले, पुढे कोरा कागद ठेविला आणि फर्माविले की, आपला पत्ता लिहा. चष्मेवाल्यांनी बेटाकडे ज्या अक्षरात लिहीत त्याच अक्षरात इंग्रजी आकडे घालोन लिहिला. बाईंनी तो कागद उचलिला, पलीकडल्या भिंतीपाशी गेल्या आणि उंच धरिला.

"वाचा."

"एकवीस."

"डोळे बारीक न करता वाचा."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला, मान तिरकी केली, आणि घाम फुटला. एकविसातील एकाचे डोक्यावर त्यांनी ऐसी ऐटदार टोपी चढविली होती की तो उघड उघड सात दिसत होता. कारभारणीने जैसा दिसला तैसा उतरविला, तिचा काय गुन्हा. आजवर शेकडो लोकांस ज्याने वाचावयास लाविले तो स्वतःचे दारचा आकडा वाचो न शके, हा प्रसंग मोठा कठीण. तथापि मोर्चा सोडो नये म्हणोन त्यांनी शेवटली तोफ डागिली.

"पण बाई, नाव तर माझंच होतं ना त्यावर?"

बाई भिंतीपाशीच उभ्या राहिल्या. कागद खाली आला.

"होतं. पहिल्या दिवशीच पाहिलं. रोज ठरवायचे, आज देऊन येते." मग थांबोन म्हणाल्या, "हाताने लिहिलेलं या दारात किती वर्षांनी आलं, मला आठवतही नाही. टेबलावर उभं करून ठेवलं होतं. जेवताना बरं वाटायचं."

हे ऐकोन चष्मेवाल्यांचे तोफखान्याची सारी दारू भिजली. रागाने लाल होवोन आले होते, ते कानापर्यंत निराळेच लाल जाहले. मग तहाची कलमे ठरली. चष्मेवाल्यांनी पत्ता पन्नास वेळां लिहावा, एकास टोपी न घालावी, आणि मगच कार्ड न्यावे. तेविसावे ओळीस टोपी पुन्हा उगवली, ती लाल पेनने छाटिली गेली. पन्नासावी ओळ संपताच चष्मेवाल्यांनी खिशातोन तीन कोरी कार्डे काढोन टेबलावर ठेविली. हे कलम तहात नव्हते.

"अनोळखी माणसाला मी काय लिहिणार?" बाई म्हणाल्या.

"काहीही. त्रिकोण काढा. तिकडेही तीनच बाजू असतात."

बाईंनी चष्म्याआडोन रोखोन पाहिले आणि पहिले कार्ड आपल्याकडे ओढिले.

येणेप्रमाणे कार्ड हस्तगत करोन चष्मेवाले जिन्यात आले आणि तेथेच, मधल्या पायरीवर बसोन, वाचिते जाहले. कारभारणीने लिहिले होते की, शेवटल्या दिवशी बेटावरची सगळी माणसे पोस्टात आली, कोणासच काही धाडावयाचे नव्हते, तरी सगळी रांगेत उभी राहिली. चष्मेवाल्यांनी ते तीनदा वाचिले. चष्मा दोनदा पुसला.

मोहीम मंगळवारी, दुपारचे साडेचारास, फत्ते जाहली. लढाईत एक पेन कामी आले, वकील एक फितूर जाहला, मुलूख एकोणसत्तरावा दफ्तरी चढला. विजयाची सनद म्हणोन पन्नास ओळींचा कागद बाईंच्या सहीनिशी मिळाला, तो अस्सल जोडिला असे. शेरा: दहापैकी सहा. प्रगती आहे.