चार बोटं पाण्यावर

सरकारी मालवाहू जहाज ‘केळशी’ त्या वर्षी वार्षिक तपासणीला आलं, ते पाण्याच्या चार बोटं वरून.

सर्वेक्षक श्रीरंग जगदाळे यांनी होडीतून जाऊन पट्टी लावली. चारच बोटं. जहाज किती बुडालंय हे लिहायला फॉर्मवर रकाना होता, किती वर आहे याला नव्हता. त्यांनी हातोडीने पत्रे ठोकून पाहिले. आवाज खणखणीत, गंजाचा मागमूस नाही. इतकं निरोगी जहाज चोवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं.

दुपारी मुख्य कार्यालयाचा निरोप आला. जे पाण्याला टेकत नाही ते जहाज नव्हे. सूर्यास्तापर्यंत न टेकल्यास भंगारात काढावं.

मग सगळे कामाला लागले. जहाजात सिमेंटची पोती होतीच, आणखी चढवली. जहाज हललं नाही. भरती आली, तसं तेही वर सरकलं. नांगर सोडला, तर तो पाण्याच्या चार बोटं वर येऊन निवांत लोंबकळत राहिला. दोरखंडाचं तेच, शिडीचं तेच. ऊन कलतं झालं. पाणी आणि जहाज यांच्यामधल्या फटीतून वारा हळूहळू वाहत होता, आणि जगदाळ्यांना ते जहाज मनापासून आवडू लागलं होतं.

खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग, जयवंत तांडेल मालवणचे. ते शिडीवरून उतरले, शेवटच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पाय खाली सोडले. पाय सरळ पाण्यात गेले. पिढीजात दर्यावर्दी गाबताच्या पायांचं कुणाला नवल वाटलं नाही.

जगदाळ्यांनी नियमावली उघडली. हजेरीपटावरचा माणूस जहाजाचाच भाग धरावा, असं त्यात स्पष्ट होतं. त्यांनी रकान्यात लिहिलं, ‘बुडालेली खोली : सारंगाच्या घोट्यापर्यंत’, आणि सही केली. ‘केळशी’ बंदराबाहेर पडली, तेव्हा तांडेलांच्या पायांमागे पाण्यावर दोन बारीक रेघा लांबवर उमटत गेल्या. जगदाळे त्या विरून जाईपर्यंत बघत राहिले.

पुढच्या वर्षी जहाज पुन्हा आलं. तांडेल पायरीवरच होते. पट्टी लावली, तर आता फक्त त्यांचा अंगठा भिजत होता.

“वर चाललाहा ता,” तांडेल शांतपणे म्हणाले. “पुढच्या वर्साक माझे पाय पुरूचे नाय.”

जगदाळ्यांनी आधी सही केली. मग म्हणाले, “हजेरीपटावर माझं नाव घाला. माझे पाय लांब आहेत.”

“सायबानू, तुमी साताऱ्याचे. पाण्याची सवय करूक व्हयी.”

“मग आजपासूनच करतो.”

तांडेल थोडे बाजूला सरकले. जगदाळ्यांनी बूट काढले, मोजे घडी करून त्यात ठेवले आणि पायरीवर बसले.