तीस सेकंदांची चाचणी

त्या सकाळी दुकानात दोन खुर्च्या, एक आरसा, जेल घट्ट करायचा एक दिवा आणि नखांच्या जेलच्या अडतीस बाटल्या होत्या. सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. सत्तावीस नव्या, अकरा जुन्या. जेल दिव्याखाली झटपट घट्ट व्हावं म्हणून जुन्या अकरांत एक पदार्थ घातलेला होता आणि एक तारखेपासून त्यावर बंदी आली होती. तपासणीत काही गैर आढळलं तर परवाना स्थगित, दुकान बंद. तपासणी दुपारी चारला होती.

दुकानाच्या मालकिणीला, म्हणजे ताईंना, याची मुळीच काळजी नव्हती. त्यांनी 'घातक घटकांपासून मुक्त' अशी शंभर स्टिकरं छापून आणली होती. अडतीस बाटल्यांवर अडतीस चिकटवून झाली. मग हुरूप आला म्हणून एक आरशावर आणि एक कापसाच्या डब्यावरही लागलं.

त्यांची धाकटी जाऊ दुकानात नखं रंगवायची. तिने एक बाटली उचलून फिरवून पाहिली.

"ताई, स्टिकर नेमकं घटकांच्या यादीवर बसलंय. तपासणीच्या बाई यादीच वाचायला येणार ना?"

ताईंनी नखाने स्टिकर खरवडून पाहिलं. ते हलेना. नखांच्या दुकानात काहीही निघेनासं झालं की हात अ‍ॅसिटोनकडेच जातो. दोघींनी कापसाचे बोळे भिजवले आणि पदर खोचून कामाला लागल्या. तासाभरात सगळी स्टिकरं निघाली. त्यांच्याखालची छपाईही निघाली. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे आता फक्त बाटलीच्या आतल्या जेलला ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावरून सासऱ्यांना बोलावणं गेलं. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. गेली नऊ वर्षं घरात त्यांना कोणी प्रयोग करू दिला नव्हता, त्यामुळे ते चपला न घालताच खाली आले. कंपनीच्या माणसाने मागे सांगितलं होतं, की जुनं जेल तीस सेकंदांत घट्ट होतं आणि नव्याला साठ लागतात. सासऱ्यांना एवढं पुरलं. तीस सेकंदांनी बोट लावायचं. घट्ट असेल ती बाटली जुनी.

प्लास्टिकच्या नकली नखांवर करू या, असं जाऊ म्हणाली.

"प्लास्टिकचा निष्कर्ष प्लास्टिकपुरता," सासरे म्हणाले. "नखाची वस्तू नखावरच तपासायची. आण तुझा हात, धाकटे."

तिघांची मिळून बोटं तीस. त्यांतलं ताईंच्या करंगळीचं नख तुलनेसाठी कोरं ठेवायचं ठरलं. उरलेल्या नऊ बाटल्या सासऱ्यांच्या पायाच्या बोटांवर गेल्या. जावेचा उजवा हात ताईंनी रंगवला आणि तो ताईंनी रंगवलाय हे लांबूनही कळत होतं. सासरे घड्याळ लावून बसले. दर तीस सेकंदांनी ते एका नखाला बोट लावत, 'घट्ट' किंवा 'चिकट' म्हणत आणि वहीत टिपत. चिकट निघालेलं जेल ते पायजम्याला पुसत.

अडतिसावं नख झालं आणि त्यांनी बेरीज केली. घट्ट एकोणीस, चिकट एकोणीस. त्यांना इतका नेटका निकाल शाळेत कधी मिळाला नव्हता.

"बाबा, जुन्या अकराच होत्या," जाऊ म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. आठांची चूक कुठेतरी आहे, कुणाचा थर जाड लागला असेल, तेव्हा प्रयोग पुन्हा करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा करायचा तर आधीचं जेल काढायला हवं. जावेने त्यांच्या दहाही बोटांना अ‍ॅसिटोनचे बोळे लावून वर चंदेरी कागद गुंडाळला. नेमक्या त्याच वेळी तपासनीस बाई दारात आल्या. पावणेचार झाले होते.

त्यांच्या हातात एक रिकामं खोकं होतं. त्यांनी आधी सासऱ्यांची चंदेरी बोटं पाहिली, मग त्यांचे पाय, मग ताईंचे हात.

"विक्रेत्याच्या यादीत तुमच्या नावावर अकरा जुन्या बाटल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्या घ्यायला आलेय. खोक्यात घाला, पोच देते, झालं."

ताईंचा चेहरा उजळला. "म्हणजे दुकानात सापडल्या तरी चालतं?"

"महिनाअखेरपर्यंत नुसत्या ठेवायला हरकत नाही. फक्त माणसाला लावायच्या नाहीत."

ताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. सासरे मात्र सरळ मनाचे. त्यांनी चंदेरी बोटांनी कशीबशी वही पुढे केली. तारीख, वेळ, कुठलं जेल कोणाच्या कुठल्या नखावर, सगळं सुवाच्य अक्षरात होतं. "प्रयोगच होता, बाई. नोंदी व्यवस्थित आहेत."

"छान आहेत," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून उतरवून घ्यायला लागल्या. मध्ये एकदाच त्यांनी वर पाहून विचारलं, पायाला खाज सुटलीय का. सासरे म्हणाले, मघापासून.

अहवाल चार वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झाला. ताब्यात घेतलेल्या बाटल्या, अडतीस. बंदी असलेला पदार्थ सिद्ध झालेल्या बाटल्या, शून्य. तो लावलेली माणसं, तीन. परवाना स्थगित, एकवीस दिवस.