अपडेटनंतर मेंढ्या उचलण्याबाबत

चालू असलेली वस्तू तशीच चालू देणं सुसंस्कृत माणसाला शोभत नाही. तेवढं जनावरंही करतात. माणसाची प्रगती झाली ती चालत्या गोष्टीत हात घातल्यामुळे. आता तर हात घालायचेही कष्ट उरलेले नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट येते, "नवी आवृत्ती उपलब्ध आहे" असं सांगते आणि दोन बटणं पुढे करते: "आत्ता" आणि "थोड्या वेळाने". "नको" असं बटण नसतं. (पर्याय असावेत, पण त्यांचा अतिरेक असू नये.)

आमच्या घरी "आत्ता" मी दाबलं. घरात संगणकातलं सगळ्यांत जास्त मला कळतं, असा ठराव सासरच्या मंडळींनी लग्नानंतर लगेच केला होता. निमित्त प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदाचं होतं. तो मी ओढून काढला. प्रिंटर नंतर चालला नाही, पण ठराव आजतागायत चालू आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. माझे सासरे दातांच्या कवळ्या बनवायचे. मेणाचा एकेक दात चिमटीत धरून बसवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांच्या त्या चिमटीच्या भरवशावर निम्मं गाव चावत होतं. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजव्या हाताची बोटं मात्र रुसून बसली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "सुरुवातीचे महिनेच खरे. आत्ता रोज वापरली तर बोटं परत येतील. नंतर कितीही डोकं आपटलंत तरी उपयोग नाही." त्यांनी दिलेला रबरी चेंडू सासऱ्यांनी दोनदा दाबला, "हा काय धंदा आहे?" असं विचारलं आणि टेबलाच्या खणात टाकून दिला.

तेव्हा बायकोला लहानपणीचा एक खेळ आठवला. टीव्हीला जोडायच्या एका डब्यावर बापलेक तो खेळायचे. पूर आलेला आहे, मेंढ्या टेकड्यांवर अडकल्या आहेत, आणि हेलिकॉप्टरने एकेक मेंढी उचलून कुंपणात आणून सोडायची. हे सगळं अंगठा आणि दोन बोटं यांच्यावर चालतं. तो डबा केव्हाच निवर्तला होता, पण अशा प्रसंगी एम्युलेटर कामी येतो. एम्युलेटर म्हणजे मेलेल्या यंत्राचं हुबेहूब सोंग आणणारा प्रोग्राम. जुना खेळ त्याला आपलाच डबा समजतो आणि बिचारा चालू लागतो. मी तो संगणकावर बसवला, खेळायच्या बटणांचा एक कंट्रोलर आणला आणि सासऱ्यांच्या उजव्या हातात दिला.

सुरुवातीला मेंढ्या पाण्यात पडत होत्या. मग काठावर पडू लागल्या, आणि एके दिवशी एक मेंढी अलगद कुंपणात उतरली. त्या संध्याकाळी सासरे शर्टाचं वरचं बटण स्वतः लावायला बसले आणि ते जवळजवळ लागलंही. बायको दाराआडून बघत होती. मला वाटलं, आता ही रडणार, पण ती नुसतीच मला चिमटा काढून गेली.

इथे सुधारणा झाली.

नव्या आवृत्तीत काय आहे, हे प्रोग्रामने एका ओळीत प्रांजळपणे लिहिलं होतं: "स्थैर्य वाढवले आहे." तो दिलेल्या शब्दाला जागला. अपडेटनंतर तो इतका स्थिर झाला की जागचा हलेना. उघडला की एक करडी चौकट यायची. तिच्यात काहीतरी मजकूर असायचा आणि खाली "ठीक आहे" असं बटण. ते दाबलं की सगळंच मिटायचं.

(करड्या चौकटीतला मजकूर वाचायचा नसतो, हे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या पाहणीनुसार शंभरातले नव्वद लोक चौकट पुरती उमटायच्या आतच "ठीक आहे" दाबतात. उरलेले दहा जण एंटर दाबतात.)

दुरुस्तीची कार्यवाही तातडीने हाती घेण्यात आली. प्रथम मी चौकट बंद करून प्रोग्राम पुन्हा उघडला. पुन्हा चौकट. मग जरा जोरात उघडला. मग मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याला सगळे "रीस्टार्ट" म्हणतात, कारण संगणकापासून संसारापर्यंत कशावरही त्याचा तोच एक सल्ला असतो. (त्याने तो स्वतः अमलात आणला आहे. वहिनी दुसऱ्या आहेत.) त्याने संगणक बंद करून चालू केला, मग इंटरनेटचा डबा, मग पंखा, कारण पंखाही त्याच बोर्डावर होता. मग प्रोग्राम उघडला, चौकट आली, आणि ती आल्या पावली घालवून तो गंभीरपणे म्हणाला, "हं. म्हणजे खोलवर आहे."

खोलवर जाण्यासाठी आम्ही पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा हाकणारा प्रोग्राम, नवा घातला, तेव्हा अक्षरं मुंगीएवढी झाली. ती मोठी करायला दुसरा प्रोग्राम घातला, त्याने आवाज घालवला. आवाज आणायला संगणकाची सगळी प्रणालीच नवी केली. त्यानंतर संगणक पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने सुरू होऊ लागला, त्यामुळे करडी चौकटही लवकर दिसू लागली. ही प्रगती नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

दरम्यान मी इंटरनेटवर जाणकारांच्या एका मंचावर सविस्तर तक्रार नोंदवली. जगभरची विद्वान माणसं तिथे फुकट मदत करतात आणि ती फुकट का आहे हे लगेच कळतं. पहिल्याने सांगितलं की प्रश्न चुकीच्या विभागात विचारला आहे. दुसऱ्याने सांगितलं की जुन्या खेळांची खरी चाड असलेली माणसं हा एम्युलेटर वापरतच नाहीत. मग मूळ डब्यावर मेंढ्या पांढऱ्या दिसायच्या की पिवळसर, यावरून दोघांची जुंपली आणि एकमेकांच्या आईबापांपर्यंत गेली. मीही पिवळसरच्या बाजूने थोडा लढलो. एकाने "मलाही हाच त्रास होता, सुटला, धन्यवाद" एवढंच लिहिलं आणि तो अंतर्धान पावला. मी त्याच्यामागे बरेच निरोप धाडले, पण मोक्ष मिळालेली माणसं मागे वळून बघत नाहीत. आणखी एका नवशिक्याने विचारलं होतं, "चौकटीत काय लिहिलंय?" त्याला मी उत्तर दिलं नाही. अशाने मूळ मुद्दा बाजूला राहतो.

हे सगळं होईपर्यंत सासरे आठवडेच्या आठवडे शेजारच्या खुर्चीत बसून असत.

"जावईबापू, माझ्या मेंढ्या?"

"काम चालू आहे, बाबा."

"अरे, निदान तोवर त्यांना तो चेंडू तरी काढून दे," बायको म्हणायची.

पण खण उघडायचा तर समोरचा संगणक सरकवावा लागणार, आणि संगणकाच्या पाठीमागे आमच्या वायरी एका विशिष्ट रचनेत लावलेल्या होत्या. व्यायामाच्या बाईही त्या सुमारास गावाला गेल्या होत्या. तेव्हा सासऱ्यांनी कुरकुर न करता डाव्या हाताने चहा प्यायला सुरुवात केली. मग जेवायला, मग दाढीला. परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्यांची ही वृत्ती वाखाणण्यासारखी होती, आणि मी आणि रीस्टार्टने कामातून मान वर न करता ती वाखाणली.

शेवटी एका दुपारी मी आणि रीस्टार्ट नवी मेमरी आणायला बाजारात गेलो. घरी सासरे संगणकापुढे सरकले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून माउसवर ठेवला आणि प्रोग्राम उघडला. चौकट आली. "ठीक आहे" या बटणापर्यंत बाण न्यायला तुम्हाआम्हाला क्षणही लागत नाही, पण त्यांचा बाण मध्येच थांबे, भरकटे, परत फिरे. वाटेत दुसरं काही करण्यासारखं नसल्याने त्यांनी मजकूर वाचला.

"अगं, इकडे ये," त्यांनी लेकीला हाक मारली. "हा म्हणतोय, जुन्या सेटिंगची फाइल आड येतेय. ती काढा आणि मला परत चालू करा. फाइलचं नावसुद्धा दिलंय बघ."

तिने फाइल काढली. आम्ही मेमरी घेऊन दारात पोहोचलो तेव्हा आतून हेलिकॉप्टरचा आवाज येत होता.

"म्हणजे शेवटी परत चालूच करावं लागलं ना!" रीस्टार्ट म्हणाला. मी नवी मेमरी तरीही बसवली, कारण आणली होती.

सासऱ्यांनी कंट्रोलर उजव्या हातात घेतला. पहिली मेंढी उचललीच गेली नाही. दुसरी पाण्यात पडली, तिसरीही. त्यांनी बोटांकडे जरा वेळ पाहिलं, मग कंट्रोलर डाव्या हातात धरला. चौथी मेंढी अलगद कुंपणात उतरली. मी आणि रीस्टार्टने टाळ्या वाजवल्या.

गावाहून परतलेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताचं एकेक बोट वाकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काका, मध्ये खंड पडला होता का?"

"हो," सासरे म्हणाले, "घरात दुरुस्ती चालली होती."

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. नळ बराच वेळ वाहत होता. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि माझं काम फारसं नसतं.

ही हकीकत मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली आहे. ऐकून झाल्यावर सगळे एकच विचारतात: "आवृत्ती कोणती होती? आणि त्या फाइलचं नाव काय?" दोन्ही गोष्टी मी लिहून ठेवल्या आहेत. तुम्हालाही हव्या असतील, तर संकोच करू नका. आणि तुमच्यापैकी कोणाच्या मनात हाताची चौकशी करायचं आलंच असेल, तर सासरे दिवसभर घरीच असतात. तिथे अजून रांग लागलेली नाही.