हेडाऊंच्या घरातलं तळं

हेडाऊंच्या घरी गेलं की ते पाहुण्याला आतल्या खोलीच्या दारातच उभं करत. या-बसा काही नाही. "मास्तर, आधी डोळ्यांले अंधाराची सवय होऊ द्या. मंग बोला."

मोहाडीत साड्या विणणारा हा माणूस माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. आतल्या खोलीच्या खिडकीवर त्यांनी घोंगडी ठोकली होती. चार-पाच मिनिटांनी काळोखात काचेची पेटी दिसू लागे. आत पाणी, हिरवं गवत, बोटाएवढ्या मासोळ्या. वर पंचवीसचा बल्ब, त्याला पुठ्ठ्याची टोपी. उजेड फक्त पाण्यात पडावा म्हणून.

समोर खाटेवर त्यांची बायको, चंद्राबाई. आणीबाणी उठली त्या सुमारास तिच्या डोळ्यांत आजार शिरला. उजेड सुयांसारखा टोचायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी अंधारात ठेवायला सांगितलं. मूलबाळ नव्हतं. एकदा ती म्हणाली, "अजी, तळ्याचं पाणी पाहावं वाटते." हेडाऊंनी तळंच घरात आणायचं ठरवलं.

पहिलं तळं नासलं. गवत कुजलं, मासोळ्या उलट्या झाल्या. मग हा गृहस्थ माग बंद ठेवून आठवडाभर नाल्याकाठच्या झाडीत फिरला. लोकांना वाटलं, डोकं फिरलं. परतले ते ओल्या फडक्यात रोपं गुंडाळून. "उन्हातलं झाड अंधारात जगत नाही, मास्तर. सावलीतच वाढलेलं आणा लागते." तळाला तळ्याची माती, वर सात पाण्यांनी धुतलेली रेती. माझ्या हातात मुरमुरे दिसले की ओरडत, "काही टाकू नका! मासोळ्या उपाशी मरत नाहीत, तुमच्यासारख्यायच्या लाडानं मरतात!"

रोपं जगली. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येई, "अजी, काळी वर आली काय?" आणि हेडाऊ तासभर सांगत: काळी मासोळी कुठं गेली, कोणाशी भांडली, कोणत्या पानाआड लपली.

एक दिवस चंद्राबाईनं माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "बाई, मले आता काहीच दिसत नाही. पण त्यायले सांगू नका. त्यायचा जीव गुतला हाय त्याच्यात." आम्ही दोन वर्षं तोंड बंद ठेवलं.

मग तापाचं निमित्त झालं आणि चंद्राबाई गेली. तेरवी झाल्यावर मी हेडाऊंजवळ जाऊन बसलो. ते पेटीतलं पाणी बदलत होते. मनातलं ओझं मला पेलवेना.

"हेडाऊ, एक सांगायचं राहिलं. वहिनींना शेवटी..."

"दिसत नव्हतं," त्यांनीच वाक्य पुरं केलं. हात पाण्यातच होते. "मालूम होतं मले. एक दिवस काळी मरून वर तरंगून राहिली होती. अन् ही म्हणे, आज किती मस्त खेळून राहिली."

"मग दोन वर्षं रोज काहून सांगत होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं साधं मास्तरला कळू नये, असं.

"ती रोज विचारत होती ना," ते म्हणाले.