मास्तरांना 'या' की 'जा'

जावईबापूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्यांनी वेळेवर सांगितलं असतं तर त्यांचं लग्नच झालं नसतं. सासरचं सगळं घर क्लबाचं भक्त. सासऱ्यांनी चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलं, तेही अक्षरांच्या तक्त्याशेजारी संघाचा फोटो लावून. बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि सिग्नलला गाडी थांबली की शिकणाऱ्याला पंचाने मागच्या सामन्यात काय काय घाण केली ते मुकाट्याने ऐकावं लागायचं. जावईबापूंचं बॅनर छापायचं दुकान होतं. घरात सामना लागला की बाकीचे ओरडले की लगेच पाठोपाठ ओरडायचं, एवढं एक पथ्य ते पाळत, आणि त्या जोरावर संसार सुखाचा चालला होता.

त्या सुखाला दृष्ट लागली ती क्लबामुळे. संघ हरत होता, नुसता हरत नव्हता तर हरायची सवय लागल्यासारखा हरत होता. शेवटी क्लबाने मॅनेजरला नारळ दिला आणि जाहीर केलं, की जुन्या मॅनेजरना परत बोलावण्याचा विचार चालू आहे.

जुने मॅनेजर म्हणजे मास्तर. भर मैदानात खेळाडूचा कान पिरगाळायचे म्हणून हे नाव पडलेलं. क्लबाच्या कपाटात जो एकुलता एक चषक होता तो त्यांनीच आणलेला. आणि पुढच्याच वर्षी अर्ध्या हंगामात क्लब सोडून नदीपलीकडच्या हाडवैरी क्लबात गेले तेही हेच. सासऱ्यांच्या मते चषक आणणारा माणूस हा देवमाणूस, त्याला सात खून माफ. बायकोचं म्हणणं, भर रस्त्यात गाडी सोडून उतरून गेलेल्या ड्रायव्हरच्या हातात शहाणा माणूस पुन्हा चावी देत नाही.

"अगं, माणूस चुकतो," सासरे म्हणायचे. "परत आला तर दार उघडायचं असतं."

"रुसून माहेरी गेले होते का ते, दार उघडायला? पलीकडे जाऊन आपल्याच छाताडावर गोल करवले त्यांनी."

असं झालं की दोघंही एकदम जावईबापूंकडे वळून त्यांचं मत विचारत. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, असं म्हणून जावईबापू पाणी आणायला उठत. त्या दिवसांत घरात पाण्याची चंगळ होती.

एवढ्यात बातमी आली, की येत्या रविवारच्या सामन्याला मास्तर पाहुणे म्हणून येणार, लोकांचा कल बघणार आणि मगच क्लबाला उत्तर देणार. मग काय विचारता. पूर्वेच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या जुन्या मंडळींचे म्होरके सासरे आणि पश्चिमेच्या स्टँडची म्होरकी बायको. दोन्हीकडे मोठ्ठा बॅनर लावायचा ठरलं, आणि घरचा छापखाना असताना बाहेर कोण जातो?

सासरे सकाळी येऊन सांगून गेले : निळं कापड, पांढरी अक्षरं, 'मास्तर, परत या'. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात बायको आली : निळं कापड, पांढरी अक्षरं, 'मास्तर, परत जा'. जावईबापूंनी एकच बॅनर संगणकावर मांडला, दुसऱ्यासाठी त्यातलं एक अक्षर बदललं आणि दोन्ही छापून गुंडाळून ठेवले. इतकं सोपं काम बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासरे पुन्हा आले. या वेळी त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं.

"जावईबापू, तिचाही बॅनर तुमच्याकडेच असेल."

जावईबापूंनी मान डोलावली.

"एकच अक्षर बदलायचंय. 'जा'च्या जागी 'या' करा. लोकांना अक्षरं वाचायला लावण्यात माझा जन्म गेला. मी सांगतो, एका अक्षराकडे कोणाचं लक्ष जात नाही."

"बाबा, ती माझी बायको आहे."

"माझी मुलगी आहे. तुमच्या आधीपासून."

यावर ठाम नकार द्यायचा असं जावईबापूंनी मनाशी ठरवलं आणि "बरं" म्हणाले. त्यांचा तो जुनाच आजार होता. 'नाही' हा शब्द त्यांना हव्या त्या आकारात छापता यायचा, फक्त बोलता यायचा नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगून मोकळं व्हावं असा विचार करत ते तिच्या गाडीत बसले. पण तिने गाडी कोपऱ्यावर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि वडिलांच्या बॅनरवर 'या'च्या ऐवजी 'जा' करायचं असं अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं. जावईबापूंनी वडिलांच्या वयाचा दाखला दिला. मग जुन्या दोस्तांमधल्या त्यांच्या मानाचा दिला.

"एवढंही करणार नाही का माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"बरं," जावईबापू म्हणाले.

इकडे आड, तिकडे विहीर. पण विचार करता करता त्यांना त्यात एक प्रकारचा समतोल दिसायला लागला. एकाचंच ऐकलं असतं तर दुसऱ्यावर अन्याय झाला असता. दोघांचंही ऐकलं तर दोघांवर सारखाच अन्याय, म्हणजे न्यायच की तो. शिवाय नवीन काही छापायचीसुद्धा गरज नव्हती. सासऱ्यांची गुंडाळी बायकोला द्यायची आणि बायकोची सासऱ्यांना, झालं काम. शनिवारी दोघंही आपापली गुंडाळी खांद्यावर टाकून, एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत घरी गेले. घरच्या माणसाने छापलेलं कोण उघडून बघतो?

रविवारी दोघांनीही जावईबापूंना आपल्याच स्टँडमध्ये बसायचा आग्रह केला होता. ते गोलामागच्या स्टँडमध्ये, पाहुण्या संघाच्या लोकांत जाऊन बसले. साऱ्या मैदानात नात्यातलं कोणी भेटणार नाही अशी ती एकच जागा होती.

मास्तर येऊन पाहुण्यांच्या कक्षात बसले. केस पार पिकले होते, टोपी मात्र तीच. दोन्ही स्टँडमधून कठड्यावरून निळं कापड सरसर खाली सुटलं. बॅनर सोडणाऱ्याला दिसते ती पाठ, अक्षरं समोरच्यासाठी. त्यामुळे पूर्वेला सासऱ्यांना समोर मुलीच्या बॅनरवर 'परत या' दिसलं आणि त्यांनी दोस्तांच्या पाठी थोपटल्या. पश्चिमेला बायकोने वडिलांच्या बॅनरवर 'परत जा' वाचलं आणि ती खुर्चीवर चढून टाळ्या वाजवायला लागली. बापलेक इतके खूश एकाच वेळी तिच्या लग्नातही दिसले नव्हते.

"ठरलंय काय ह्यांचं?" जावईबापूंच्या शेजारच्या पाहुण्याने विचारलं. "यायचंय का जायचंय त्या म्हाताऱ्याने?"

जावईबापू म्हणाले, दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे.

तेवढ्यात कॅमेरा फिरला आणि मैदानावरच्या भल्या मोठ्या पडद्यावर आधी पश्चिमेचा बॅनर आला, मग पूर्वेचा. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पडद्यावरचं अक्षर बदललं नाही. ते कठड्यावर ओणवे होऊन कापड वर ओढू लागले, ते कुठेतरी अडकलं, आणि मास्तरांना जे दिसलं ते एवढंच, की आपल्या जिवाभावाचे चष्मेवाले 'परत जा' असं लिहिलेलं कापड दोन्ही हातांनी जोरजोरात हलवताहेत. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सामन्यानंतर टीव्हीवर ते म्हणाले, की ज्यांना आपलं समजत होतो त्यांनी जा म्हटलं आणि जे शिव्या घालायचे त्यांनी या म्हटलं, तेव्हा थोडा विचार करावा लागेल. सासरे जेवणावरून उठले.

घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. माझ्या बॅनरला हात कोणी लावला, असं सासऱ्यांना विचारायचं होतं, पण मग तिच्या बॅनरला कोणी लावला तेही निघालं असतं. बायकोचंही तेच. दोघंही जावईबापूंकडे खाऊ का गिळू असं बघत आणि मीठ मागत. बाहेर तर आणखी वाईट. जुन्या दोस्तांनी सासऱ्यांना पत्त्यांच्या डावातून काढलं. इतकी वर्षं आमच्यात बसून आतून फितूर होता म्हणाले. बायकोच्या मैत्रिणींनी तिला ऐकवलं, की शेवटी बापाचीच लेक.

आणि मंगळवारी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. जावईबापूंनी दार उघडलं तर समोर टोपी हातात घेऊन मास्तर.

"पश्चिमेच्या स्टँडच्या म्होरक्या बाई इथेच राहतात ना?"

सासरे आतल्या खोलीत गेले ते इतक्या चपळाईने, की गुडघेदुखीचं त्यांचं सोंगच होतं की काय असं वाटावं. बायकोने मास्तरांना बसवलं, कॉफी केली. मास्तरांनीच सुरुवात केली. पलीकडे गेलो ते चुकलंच, म्हणाले.

"तिथे मला कोणी शिव्या दिल्या नाहीत. जिंकलो तर जिंकलो, हरलो तर हरलो, लोक आपले घरी जायचे. तुम्ही लोक मात्र मी गेल्यावरसुद्धा माझ्या नावाने शिव्या घालायचात. मला बरं वाटायचं. कोणीतरी अजून चिडलंय आपल्यावर."

बायकोने त्यांच्या कपात न विचारता आणखी कॉफी ओतली. चिडण्याची किंमत जाणणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

"फक्त एक सल राहिली," मास्तर म्हणाले. "तुमचे वडील. सगळे हसत होते तेव्हा हा एक माणूस माझ्या बाजूने उभा होता. त्यांनी जा म्हणावं?"

आत खुर्ची पडली. सासरे दारात आले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग जावयाकडे, आणि दाराची चौकट घट्ट धरली.

आता आपण बोललो नाही तर हा माणूस कोसळेल, असं जावईबापूंना वाटलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "गुंडाळ्यांची अदलाबदल झाली."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. पण मास्तरांनी हिशेब मांडला. "म्हणजे 'या' यांचं," ते सावकाश म्हणाले, "आणि 'जा'..." ते बायकोकडे वळले. त्यांचा हात टोपीकडे गेला. इतका वेळ फुललेला चेहरा मावळला, आणि तो मावळताना बघणं बायकोला सहन झालं नाही.

"छे, अदलाबदल कसली," ती म्हणाली. "यांच्या काही लक्षात राहत नाही. आमचंही 'या'च होतं. दोघांनीही 'या'च सांगितलं होतं."

"मग 'जा' आलं कुठून?"

तिघंही जावईबापूंकडे बघायला लागले. सासऱ्यांच्या नजरेत विनवणी होती, बायकोच्या नजरेत धमकी. पाणी आणायला उठायची सोय नव्हती, मास्तर वाटेत बसले होते.

"मशीन जुनं आहे," जावईबापू म्हणाले. "एक 'या' छापला आणि 'या' संपला."

मास्तरांनी गंभीरपणे मान डोलावली. असं होतं कधी कधी, म्हणाले, आणि उरलेली कॉफी संपवली. सासऱ्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला तो बराच वेळ सोडला नाही. मास्तर येणार हे त्या घराला क्लबाच्या आधी कळलं.

जावईबापू त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. टोपी डोक्यावर चढवत मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते मशीन दुरुस्त करू नका," ते म्हणाले. "तुमच्या घराला त्याची गरज आहे."

मास्तरांच्या हाताखालचा पहिलाच सामना संघ चार गोलांनी हरला. पत्त्यांच्या डावात पुन्हा घेतलेले सासरे पडल्या चेहऱ्याने जेवायला बसले आणि म्हणाले, की मास्तर आता थकले असं मनाला वाटायला लागलंय; वय झालं की माणसाने हट्ट करू नये.

बायकोने ताट बाजूला सारलं.

"बाबा," ती म्हणाली, "एका सामन्यावरून माणूस पारखायचा नसतो. आणि या घरात मास्तरांविरुद्ध एक शब्द मी ऐकून घेणार नाही."